कलम नऊ-चार

तीनशे बारा पानांचं माहितीपत्रक.
माझं काम एवढंच, की पान एकवरचा आकडा
पान दोनशे सत्तरवरही तोच आहे ना, बघायचं.
चार कोटी रियाल.
शून्यं बोटाने मोजायची,
तांदळातले खडे वेचावेत तशी.

सोहारच्या बाहेर, हमरस्त्यापलीकडे
लिंबाची एक बाग होती.
विहिरीत समुद्र शिरला, झाडांनी माना टाकल्या.
तिथे इस्पितळ होणार, दोनशे खाटा,
आणि पाठीला पाठ लावून परिचारिकांचं महाविद्यालय.
नफा कोणी घरी नेणार नाही.
मग पैसा कुठून?
लोकांकडून. रोखे काढून. शंभर रियालला एक.

रोखा म्हणजे रोख नव्हे.
रोखा म्हणजे कागद, कागदामागे शब्द,
शब्दामागे अजून न बांधलेली भिंत.

प्रकरण नववं, जोखीम.
चौथं कलम मी तीनदा वाचलं
आणि मनातल्या मनात मराठीत केलं:
खाटा अपेक्षेपेक्षा कमी भरल्यास
परतफेडीवर प्रतिकूल परिणाम संभवतो.
म्हणजे लोक धडधाकट राहिले तर.
वकील नासर बलुशी हसले नाहीत.
म्हणाले, हे लिहावंच लागतं, बाई.
स्वल्पविराम तेवढा बघा.

दाऊद परकार, मूळचे दाभोळचे,
बंदरावर क्रेन चालवून थकलेले,
आता मुलाच्या व्हिसावर.
तीन रोखे घ्यायला आले, नोटा रुमालात बांधून.
चाचा, मुदत पंचवीस वर्षांची आहे.
तुम्ही तेव्हा ब्याण्णवचे असाल.
"मी नसंन गो. खाट असंल ना?"
आणि व्याज नको होतं त्यांना.
मी सांगितलं, व्याज नाही, भाडं आहे.
आपण सगळे खाटांचे थोडेथोडे मालक,
इस्पितळ आपल्याला भाडं देणार.
त्यांनी हिशेब केला, पावतीच्या पाठीवर.
तीनशे रियालात किती खाट येते?
एक चाक, मी म्हटलं. फार तर उशीचा अभ्रा.
"चाक बरा," म्हणाले. "चाक चालता रवतं."

मग भिंती आल्या. काचा आल्या.
स्वागतकक्षात लोबानाचा धूर.
महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत एकोणचाळीस मुली,
कागदावर साठ होत्या.
दर सहा महिन्यांनी मी अहवाल तपासते,
दर सहा महिन्यांनी चाचांच्या खात्यात
नऊ रियाल पडतात,
आणि ते फोन करून विचारतात,
चाक कसं आहे?

या हिवाळ्यात त्यांच्याच छातीत पाणी झालं.
मी गेले तेव्हा शमसा नावाची मुलगी
शीर शोधत होती त्यांच्या हातावर,
नाव शोधावं तशी, जुन्या वहीत.
पहिली सुई चुकली. तिचे कान लाल झाले.
चाचा तिला मोडक्या अरबीत म्हणाले,
सावकाश बेटी,
मुदत लांब आहे.

आमच्या बोलीत कर्ज फेडतात आणि पांगही फेडतात.
क्रियापद एकच.
पहिल्याला तारीख असते.
हे मला कुठल्याच तक्त्यात बसवता आलं नाही.

करारात पंचाहत्तर टक्के खाटा भरलेल्या हव्यात.
गुरुवारी सकाळी एकशे बेचाळीस होत्या.
एकाहत्तर टक्के.
नासर बलुशींचे दोन निरोप आले होते,
दुसऱ्यात नमस्कारसुद्धा नव्हता.

मी खालच्या मजल्यावर उभी होते
तेव्हा लिफ्ट उघडली.
दाऊद परकार बाहेर आले,
एका हाताने मुलाचा खांदा धरून,
एका पायात चप्पल,
दुसरी कुठे राहिली म्हणून मागे बघत.

एकशे एकेचाळीस.
साडेसत्तर टक्के.
कलम नऊ-चार
माझ्या डोळ्यांदेखत
दारापर्यंत चालत गेलं,
आणि मी, आकड्यांची राखणदार,
त्याची चप्पल शोधायला वर पळाले.